संवादशास्त्र विद्यापीठात शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

प्रश्न कागलजवळच्या एका गावातून आलाय. विचारणारी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माणसं एकमेकांशी कशी बोलतात, एकाचं पटतं नि दुसऱ्याचं का पटत नाही, याचा शास्त्र म्हणून अभ्यास करायची तिची इच्छा आहे. घरचे म्हणतात पत्रकारिता कर, नाहीतर सरळ बी.एड. कर. मैत्रीण म्हणते, बोलायला शिकण्यासाठी विद्यापीठ कशाला, व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लाव. तिचे प्रश्न तीन आहेत. या विषयात नक्की काय शिकवतात? एवढे सिद्धांत वाचून उपयोग काय? आणि कोल्हापुरात राहून हे जमेल का? मी बरीच वर्षं हा विषय शिकवतोय आणि विद्यार्थ्यांच्या संशोधनाला मार्गदर्शन करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात मैत्रिणीच्या सल्ल्यापासून करतो, कारण तो गैरसमज फार खोल रुजलाय. व्यक्तिमत्त्व विकासाच्या बहुतेक वर्गांत फळ्यावर तीन आकडे लिहिले जातात: ७, ३८ आणि ५५. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा, देहबोलीचा ५५, असं सांगितलं जातं. मुलं वहीत उतरवून घेतात. हे आकडे आले कुठून? १९६७ साली अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर दोन प्रयोग केले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात 'कदाचित' अशा अर्थाचा एकच शब्द तीन सुरांत ऐकवला आणि त्यासोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, एवढाच अंदाज ऐकणाऱ्यांनी करायचा होता. शब्द, सूर आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल तेव्हा लोक कशावर विश्वास ठेवतात, हे तपासणारा तो मर्यादित प्रयोग होता. हे सूत्र फक्त भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरतं आहे, असं खुद्द मेहरेबियन यांनीच पुढे स्पष्ट केलं. ते सगळ्या संवादाला लावलं, तर कन्नडचा गंध नसलेल्या माणसाला धारवाडच्या बाजारात ९३ टक्के बोलणं समजायला हवं.

क्लास आणि विद्यापीठ यांतला फरक इथेच आहे. क्लास आकडा देतो. विद्यापीठात तो आकडा कोणी, कोणावर, कसा काढला आणि तो कुठवर लागू पडतो, हे विचारायची सवय लावली जाते. क्लासला मी कमी लेखत नाही. मुलाखतीला जाताना छाती धडधडू नये म्हणून त्यांचा उपयोग होतो. पण तुम्हाला जे शिकायचंय ते तिथे नाही.

आता विषयाकडे येऊ. याची मुळं दोन ठिकाणी आहेत. एक जुनं मूळ, बोलून पटवण्याच्या कलेचं. ॲरिस्टॉटलने वक्त्याचं चारित्र्य, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद असे तीन आधार सांगितले. आपल्याकडे नाट्यशास्त्र आणि रसविचारातून 'सहृदय', म्हणजे समोरची भावना आपलीशी करणाऱ्या प्रेक्षकाची कल्पना आली. एकाची भावना सगळ्यांची होते, याला साधारणीकरण म्हणतात. त्या विचारावर भारतीय आणि नेपाळी अभ्यासकांनी अलीकडच्या काळात संवादाची स्वतंत्र मांडणी केली. अमेरिकेत १९१४ मध्ये वक्तृत्व शिकवणारे प्राध्यापक इंग्रजीच्या संघटनेतून फुटून बाहेर पडले, तिथून त्यांची वेगळी परंपरा सुरू झाली. दुसरं मूळ रेडिओ, युद्धकाळातला प्रचार आणि निवडणुका यांच्या संशोधनाचं आहे. त्याला १९४०च्या दशकात जोर आला. दोन्ही मुळं आज एकाच झाडाला आहेत, पण आपल्याकडे दुसऱ्यावरच जास्त खतपाणी पडलं. त्यामुळे भारतात हा विषय बहुतेक ठिकाणी पत्रकारितेच्या दारातूनच आत येतो. घरातलं, बाजारातलं, दवाखान्यातलं माणसामाणसांतलं बोलणं अभ्यासक्रमात एखाद्या पेपरपुरतं उरतं. प्रवेश घेताना हे माहीत असू द्या, म्हणजे पहिल्या सत्रात निराशा होणार नाही.

पहिल्या महिन्यात एक आकृती तुमच्यासमोर येईल: प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, आणि मध्ये कुठेतरी 'गोंगाट'. परीक्षेत ती काढली की गुण मिळतात, म्हणून मुलं ती पाठ करतात आणि संवाद म्हणजे हेच असं धरून चालतात. ती आकृती क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या कामावरून आली. शॅनन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत होते. तारेतून संकेत जाताना किती बिघडतो आणि कमीत कमी खर्चात तो पलीकडे जसाच्या तसा कसा पोचवायचा, हा त्यांचा प्रश्न. अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. पुढे लोकांनी तीच आकृती सासू-सुनेच्या बोलण्याला लावली. सून म्हणाली, "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" सासू म्हणाली, "आमच्यात असंच खातात." संकेत शंभर टक्के नीट पोचला, गोंगाट शून्य. तरी त्या दोघींत काय घडलं, ते या आकृतीत कुठेच मावत नाही. ते पकडायला १९६७ मध्ये वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला विचार लागतो. प्रत्येक बोलण्याला दोन पातळ्या असतात, एक आशयाची आणि एक नात्याची, आणि बरीच भांडणं आशयाच्या नावाखाली नात्यावरून होत असतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सिद्धांतामुळे बोलण्यातलं नेमकं काय बघायचं ते ठरतं. शॅननच्या नजरेने बघितलं तर तुम्ही तारेतला बिघाड शोधाल. वॉट्झलाविक यांच्या नजरेने बघितलं तर नातं शोधाल. कुठला सिद्धांत बरोबर, यापेक्षा या प्रश्नाला कुठला लागू पडतो, हे ओळखण्यात खरं कसब आहे. ते अंगी बाणायला दोन-तीन वर्षं जातात.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना मी एक अभ्यास आवर्जून सांगतो, कारण आपला जिल्हा जगभरच्या संवादशास्त्राच्या इतिहासात त्यामुळे आलाय आणि इथे फारच थोड्यांना ते ठाऊक आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी रेडिओ श्रोता मंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावांत मंडळं स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं एकत्र बसून ते ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची, काय करायचं ते ठरवायची. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या नेतृत्वाखाली केलं. तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावं घेतली होती: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले.

मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ त्यामानाने किरकोळच होती. म्हणजे कार्यक्रम तोच, आवाज तोच, माहितीही तीच. फरक पडला तो ऐकल्यानंतर शेजाऱ्यांशी झालेल्या बोलण्याने. हे कळलं तेही तुलनेची गावं घेतली होती म्हणूनच. ती नसती, तर 'रेडिओमुळे शेतकरी शहाणे झाले' असा अहवाल छापला गेला असता आणि सगळ्यांनी तो खरा मानला असता. संशोधनाची रचना आधी नीट ठरवायची असते ती यासाठी.

हा निष्कर्ष एकटा नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका काउंटीत १९४०च्या निवडणुकीत पॉल लॅझर्सफेल्ड यांच्या गटाने मतदारांच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. वर्तमानपत्र आणि रेडिओ मत फिरवतात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. त्यांना दिसलं की बऱ्याच लोकांपर्यंत माध्यमातलं म्हणणं ओळखीच्या, जाणत्या माणसामार्फत पोचतं. त्याला द्विस्तरीय प्रवाह म्हणतात. आयोवात संकरित मक्यावर रायन आणि ग्रॉस यांनी २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास केला, तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या बियाण्याची खबर सगळ्यात जास्त जणांना विक्रेत्याकडून मिळाली, पण ते पेरायचं धाडस शेजाऱ्याचं पीक बघून आलं. आपल्याकडे को ८६०३२ या जातीचा ऊस गावोगाव कसा पसरला, हे वडिलांना किंवा चुलत्यांना विचारून बघा. कृषी सहायकाचं नाव आधी येतं की भावकीतल्या कुणाचं, तेही टिपून ठेवा. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये अशा शेकडो अभ्यासांवरून नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धांत उभा केला. त्याचीच एक खोट पुढे लोकांनी दाखवली: जो उशिरा स्वीकारतो त्याला 'मागे राहणारा' म्हणून मोकळं व्हायचं, त्याच्याकडे पाणी, पैसा, जमीन होती का हे विचारायचं नाही. सिद्धांत शिकताना त्याच्यावरची टीकाही शिकवणारे शिक्षक मिळाले तर त्यांना सोडू नका.

आता कोल्हापूर. इथे राहून जमेल का, असं तुम्ही विचारलंत. संशोधनाचे प्रश्न शोधायला तुम्हाला कुठेही जावं लागणार नाही. एकच प्रश्न जरा खोलात जाऊन मांडतो, म्हणजे या विषयात काम कसं चालतं त्याचा अंदाज येईल.

पावसाळ्यात सगळा जिल्हा पंचगंगेची पाणीपातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याकडे डोळे लावून बसतो. तिथली इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. आकडा दर काही तासांनी मोबाईलवर येतो, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले तेही येतं. इतकी अचूक माहिती हातात असताना एक घर इशारा पातळीलाच जनावरं घेऊन बाहेर पडतं आणि शेजारचं घर पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत बसून राहतं. का?

शॅननवादी म्हणेल, संदेश पोचला नसेल, नेटवर्क गेलं असेल. काही घरांबाबत ते खरंही असेल, तपासलं पाहिजे. लॅझर्सफेल्डच्या वाटेने जाणारा विचारेल, त्या घराला ही बातमी कोणी सांगितली, तलाठ्याने, तालमीतल्या पोरांनी, की मुंबईहून मुलाने फोन करून? पुराच्या वेळी गावात कोणाचा शब्द चालतो, आणि तोच माणूस एरवी निवडणुकीतही चालतो का? धोक्याची सूचना लोकांना कशी दिली जाते आणि ते ती कशी घेतात, याचा अभ्यासक विचारेल, लोक '४३ फूट' हे आपल्या घराच्या भाषेत कसं बदलून घेतात? कारण बोलताना माणसं फूट सांगत नाहीत. "२००५ ला पाणी मारुतीच्या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येत नाही", असं सांगतात. ज्या गावाच्या मनात २००५ची खूण पक्की बसली होती, त्या गावाला २०१९ मध्ये तिनेच थांबवून धरलं का? हे मला माहीत असल्यासारखं मी लिहीत नाही. हे गृहीतक आहे, आणि गृहीतक खोटं ठरायची वाट मोकळी ठेवूनच मांडायचं असतं. आणि संभाषण विश्लेषणाची आवड असलेला विद्यार्थी यातलं काहीच विचारणार नाही. त्याला त्या रात्रीचे फोन हवे असतील: "येतासा का न्हाई?" यावर "बघतो की" असं उत्तर आलं, तर पलीकडच्याने ते होकार म्हणून घेतलं की नकार म्हणून, आणि पुढचं वाक्य काय बोलला.

मग पद्धतीचा प्रश्न येतो. लोकांना आज विचारलं, तर २०१९ आणि २०२१ त्यांच्या आठवणीत एकमेकांत मिसळलेले असतात. माणूस खोटं बोलत नाही, पण आठवण पुन्हा पुन्हा सांगून गुळगुळीत होते. म्हणून एकट्या मुलाखतीवर भिस्त ठेवायची नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदी, व्हॉट्सॲप गटातले त्या तारखांचे संदेश (गटातल्या माणसांची परवानगी घेऊन), वर्तमानपत्रांचे अंक, असे दोन-तीन पुरावे शेजारी शेजारी ठेवायचे. घरातल्या पुरुषालाच प्रश्न विचारून यायचं नाही. जनावरं सोडायची की बांधून ठेवायची, हा निर्णय कित्येक घरांत गोठा बघणारी बाई घेते. आणि ज्यांचं घर गेलंय त्यांना, "तुम्ही वेळेत का निघाला नाहीत?" असं विचारायचंच नाही. तो प्रश्न आरोप म्हणून ऐकला जातो आणि उत्तर बचाव म्हणून येतं. "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा" म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसता येणं ही या विषयातली मोठी कमाई आहे. ती शिकायला वेळ लागतो, कारण वर्गात आपल्याला उत्तर द्यायचीच सवय लागलेली असते.

असा अभ्यास नीट झाला, तर पुढच्या पावसाळ्यात इशारा देणाऱ्यांनी फुटांबरोबर गावातली खूणही सांगावी का, यावर काहीतरी ठोस सांगता येईल. माझ्या लेखी यापेक्षा महत्त्वाचे विषय थोडेच आहेत. तरी जिल्ह्यातले हुशार विद्यार्थी 'सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम' हाच विषय घेऊन येतात. कुठला मीडिया, कुठले तरुण, कसला परिणाम? त्या शीर्षकात यातलं काहीच ठरलेलं नसतं.

बाकीची क्षेत्रं थोडक्यात सांगतो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा बघा. अहवाल वाचन संपायच्या आत "मंजूर, मंजूर" असा एकच गजर होतो. विरोधात बोलायला उठलेल्याच्या हातात माईक किती वेळ राहतो? जो गप्प बसला त्याचं मत खरंच तसं होतं, की आपण एकटे पडू म्हणून तो बसला? एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये मांडलेला मौनाच्या आवर्ताचा सिद्धांत याच भीतीबद्दल आहे. फक्त तो जर्मनीतल्या जनमताबद्दल मांडला गेला. भावकी, ऊसबिल आणि दूधबिल एकमेकांत गुंतलेल्या गावात भीती एकटं पडण्याची असते की बिल अडकण्याची, हे वेगळं करून तपासावं लागेल. परदेशी सिद्धांत इथे आणून लावणं पुरेसं नाही. तो इथे कुठे वाकतो ते दाखवलं, तर ते तुमचं स्वतःचं योगदान.

दुसरं क्षेत्र बोलीचं. आपल्याकडच्या कितीतरी बायका "मी येतो", "मी जातो" म्हणतात. तीच मुलगी पुण्याच्या वसतिगृहात गेली की काही महिन्यांत "येते, जाते" करायला लागते आणि घरी फोन लावला की परत "येतो"वर येते. समोरच्यागणिक आपण बोलणं कसं जवळ नेतो किंवा लांब ठेवतो, याचा सिद्धांत हॉवर्ड गाइल्स यांनी १९७०च्या दशकात मांडला. या मुलींच्या फोनवरच्या बोलण्यात तो अगदी स्पष्ट तपासता येईल. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या, 'कुपवार' म्हणून नोंदवलेल्या गावावर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये लिहिलेला निबंध तर जगभर शिकवला जातो. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतकं एकत्र नांदून इतकी जवळ आली की वाक्याची ठेवण जवळपास एकच झाली, शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले. लोक घरात आपली भाषा बोलायचे आणि चारचौघांत मराठीवर यायचे. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या वस्तीत आज मराठी, कन्नड, हिंदी यांचं काय चाललंय, हे कोणी तितक्या बारकाईने बघेल का, याची मी वाट बघतोय.

इतिहासाची आवड असेल तर तीही वाट आहे. राजर्षी शाहूंचा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा आदेश २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य प्रजा निरक्षर असताना तो आदेश गावात कोणी वाचून दाखवला, कुठल्या शब्दांत सांगितला, हा संवादाच्याच संशोधनाचा प्रश्न आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बसायची चिकाटी आणि मोडी हवी.

आता अवघड भाग. मुलं सिद्धांताला घाबरतात, पण अडकतात पद्धतीत. सगळ्यात जास्त दिसणारा दोष असा: गुगल फॉर्म तयार करायचा, आपल्या व्हॉट्सॲप गटांत टाकायचा, ३८४ उत्तरं गोळा झाली की खूश व्हायचं. किती माणसं घ्यायची याचा ३८४ हा आकडा ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून येतो हे खरं. पण यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जायची संधी मिळेल अशा रीतीने माणसं घेतली असतील, तरच. मित्रांच्या मित्रांनी भरलेले ३८४ फॉर्म म्हणजे एक मोठा मित्रपरिवार, कोल्हापूर जिल्हा नव्हे. त्यापेक्षा एका गल्लीतली तीस घरं नीट ठरवून, घरोघर जाऊन केलेलं काम मला जास्त मोलाचं वाटतं, फक्त ते जिल्ह्याच्या नावावर खपवू नका.

दुसरी गोष्ट आशय विश्लेषणाची. वर्तमानपत्रातल्या बातम्या 'सकारात्मक', 'नकारात्मक' अशा वाटून टाकायच्या आणि टक्के काढायचे, हे सोपं वाटतं. पण त्याच बातम्या दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे वाटल्या तर तुमच्याशी किती जुळतात? हे मोजायला कोहेन यांचा 'कप्पा' (kappa) किंवा क्रिपेनडॉर्फ यांचा 'अल्फा' ही मापं वापरतात. अल्फा ०.८०च्या आसपास नसेल तर वर्गवारीच्या व्याख्या पुन्हा लिहायला बसायचं. कंटाळवाणं काम आहे, पण संशोधनाचा विश्वास तिथेच ठरतो.

तिसरी, बोलणं लिहून काढण्याची. ध्वनिमुद्रणाच्या दहा मिनिटांचं बारकाईने ट्रान्सक्रिप्ट करायला काही तास सहज जातात: कुठे थांबला, कुठे दोघं एकदम बोलले, कुठे श्वास घेतला. हे सगळं कशाला, असं वाटेल. पण २००९ मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगातल्या दहा भाषांत तपासलं, तर प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा अवधी सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा निघाला. भाषाभाषांत फरक होता, पण थोडाच. इतक्या कमी वेळात उत्तर द्यायचं तर समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण तयारीला लागलेलो असतो. त्या दहांत मराठी नव्हती. गडहिंग्लजच्या बाजारातला सौदा आणि विद्यापीठातली तोंडी परीक्षा, यांत हा अवधी सारखाच असेल का? मोजल्याशिवाय कळणार नाही.

लिहून काढताना बोली 'शुद्ध' करायची नाही. बाई "म्या गेलो न्हाई" म्हणाली तर तेच उतरवायचं. तुम्ही ते "मी गेले नाही" केलंत तर पुरावा पुसलात. आणि मुद्रण करण्याआधी परवानगी घ्या, कशासाठी ते समजेल अशा भाषेत सांगा, नको म्हटलं तर हसून उठा. लहान गावात नाव बदलून भागत नाही, 'पोल्ट्रीवाल्या माजी सरपंच' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं. तेवढंही झाकावं लागतं.

व्यवहाराचं आता. शिवाजी विद्यापीठात, १९६२ पासूनच्या या आपल्या विद्यापीठात, पत्रकारिता आणि जनसंवादाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. अर्ज करण्याआधी अभ्यासक्रमपत्रिका डाऊनलोड करून दोनच गोष्टी बघा: संवाद सिद्धांताचा स्वतंत्र पेपर आहे का, आणि संशोधन पद्धतीसोबत लघुप्रबंध आहे का. तुमचा ओढा माणसामाणसांतल्या बोलण्याकडे आहे, तेव्हा समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा मराठीतून भाषाविज्ञान घेऊन एम.ए. करणं आणि प्रबंधाचा विषय संवादाचा ठेवणं, हाही चांगला रस्ता आहे. काही जणांना मी तोच सुचवतो. पुढे अध्यापनात जायचं तर नेट ही पात्रता परीक्षा जनसंवाद आणि पत्रकारिता या विषयात असते. पदव्युत्तर पदवी कुठल्या विषयात असल्यावर ती देता येईल, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधीच बघून ठेवा.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध बघा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात ते फुकट वाचता येतात. पद्धतीचं प्रकरण आधी उघडा. तिथे नुसत्या व्याख्या असतील आणि 'मी माणसं अशी निवडली, ही अडचण आली' असं काहीच नसेल, तर विचार करा. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसायची सवय आत्तापासून लावा. वाचन बरंचसं इंग्रजीतून करावं लागेल, त्याला पर्याय नाही. पहिलं सत्र जड जातं, दुसऱ्यापासून तेच तेच शब्द ओळखीचे होतात. पण विचार आणि टिपणं मराठीत करायला संकोचू नका. ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं मराठीत बोलतात, आणि निष्कर्ष त्यांना वाचता यावेत असं मला मनापासून वाटतं.

घरच्यांचा खरा प्रश्न नोकरीचा असेल, आणि तो रास्त आहे. या पदवीच्या नावाची जाहिरात क्वचितच येते. पण मुलाखत घेणं, सर्वेक्षण आखणं, आकड्यांवर शंका घेणं आणि निघालेलं सोप्या भाषेत मांडणं ज्याला येतं, त्याला आरोग्य आणि शेतीच्या प्रकल्पांत, बाजार संशोधनात, आपत्ती व्यवस्थापनात, मोबाईल ॲप बनवणाऱ्या कंपन्यांच्या वापरकर्ता संशोधनात काम असतं. यातलं बरंच काम पुण्या-मुंबईत आहे, हे लपवून ठेवत नाही. निवेदिका किंवा वार्ताहर व्हायची इच्छा असेल, तर मात्र सरळ पत्रकारिता करा. तो वेगळा आणि तितकाच मानाचा पेशा आहे, त्यासाठी सिद्धांताचे पेपर ओढत बसू नका.

प्रवेशाच्या तारखा यायला अजून वेळ असेल तर तेवढ्यात एक करून बघा. आईच्या आणि मावशीच्या फोनवरच्या बोलण्याची पाच मिनिटं, दोघींना आधी विचारून, ध्वनिमुद्रित करा. मग प्रत्येक "हं", प्रत्येक थांबणं, प्रत्येक "बरं मग ठेवू का?" जसंच्या तसं लिहून काढा. ते "ठेवू का" आल्यानंतर फोन प्रत्यक्षात ठेवेपर्यंत काय काय होतं, तेवढंच बघा. हे काम एका दुपारी संपणार नाही. करताना नुसता वैताग आला तर घरच्यांचा सल्ला ऐका. आणि संध्याकाळ झाली तरी तोच तुकडा पुन्हा लावून ऐकावासा वाटला, तर लघुप्रबंध असलेला अभ्यासक्रम शोधायला लागा.